३८ टॅकल म्हणजे नेमकं काय? तिएरी द्युसोत्वारची कारकीर्द, रग्बी न कळणाऱ्यांसाठी

स्कोअरकार्डावर तिएरी द्युसोत्वारचं नाव शोधायला बसलात तर कंटाळाल. फ्रान्सकडून ८० आंतरराष्ट्रीय सामने, आणि ट्राय हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. लाथ मारून गुण मिळवणं हे त्याचं काम नव्हतंच. तरीही २०११ साली जगातला सर्वोत्तम रग्बीपटू म्हणून त्याची निवड झाली, आणि फ्रान्सचं कप्तानपद त्याने ५६ सामन्यांत सांभाळलं. त्या देशात एवढी कप्तानी आजवर दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली नाही.

गुण न मिळवणारा माणूस जगात पहिला कसा येतो, हे समजलं की रग्बी निम्मी समजली. (नाव आधी सवयीचं करून घ्या: द्यु-सो-त्वार. चार वेळा म्हटलं की जीभ वळते.)

खेळाची तोंडओळख थोडक्यात. एका बाजूला १५ खेळाडू, सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. हा झाला ट्राय, त्याचे ५ गुण. ट्राय झाला की दोन उंच खांबांमधून चेंडू मारायची संधी मिळते, तिचे २ गुण. समोरच्याने नियम मोडला तर पेनल्टी, ती खांबांमधून गेली तर ३. खेळता खेळता चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने खांबांमधून धाडला तर तो ड्रॉप गोल, त्याचेही ३. पळताना हाताने चेंडू पुढे फेकायला मात्र बंदी. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. म्हणजे पुढे सरकायचं तर कोणीतरी चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीवर जाऊन आदळायलाच हवं. ही भिंत जे काम करते त्याला टॅकल म्हणतात.

टॅकल समजावायला आपल्याकडे कबड्डीइतकं सोयीचं काही नाही, पण तिथे एक गफलत होते. कबड्डीत चढाईवाल्याला धरलं की धरूनच ठेवायचं. घोटा हाती लागला, पट निघाला, मग त्याचा हात मध्यरेषेला लागेपर्यंत किंवा त्याचा दम तुटेपर्यंत सोडायचं नाव नाही. रग्बीत उलटं. चेंडूवाल्याला कवेत घेऊन खाली पाडायचं आणि पाडल्या क्षणी सोडून द्यायचं. त्याच्या अंगावरून बाजूला व्हायचं, उठून उभं राहायचं, आणि मगच चेंडूला हात घालायचा. लोळत राहिलात तर पेनल्टी. त्याला धरून ठेवलंत तरी पेनल्टी. तेवढ्यात पडलेल्या माणसाने चेंडू मागे सरकवलेला असतो, त्याचे साथीदार वरून रेटा देत असतात, चेंडू पुन्हा कोणाच्या तरी हातात जातो आणि दुसरा गडी तुमच्या दिशेने सुटलेला असतो.

चांगला टॅकल जवळून पाहिला तर तो खांद्याने होतो, हातांनी नाही. पळत येणारा माणूस शंभर किलोच्या आसपास. त्याच्या छातीवर जाऊन धडकलात तर तो तुम्हाला घेऊनच पुढे जाईल. म्हणून गुडघ्यात वाकायचं आणि नजर त्याच्या कमरेवर ठेवायची, कारण डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. खांदा मांडीच्या वरच्या भागावर बसवायचा. डोकं त्याच्या पायांसमोर येऊ द्यायचं नाही, कुशीच्या बाजूला, गाल त्याच्या पार्श्वभागाला चिकटलेला. डोकं चुकीच्या बाजूला राहिलं तर गुडघा लागून शुद्ध हरपलीच म्हणून समजा. मग दोन्ही हातांनी मांड्या आवळायच्या आणि पाय पळतेच ठेवायचे. माणूस आपोआप कोसळतो. हे सगळं एका सेकंदात.

आता असं एका सामन्यात ३८ वेळा करायचं.

६ ऑक्टोबर २००७ला वेल्समधल्या कार्डिफमध्ये, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, द्युसोत्वारने हे केलं. ८० मिनिटांना ३८ने भागा: सरासरी दर दोन मिनिटं सहा सेकंदांना एक टॅकल. तोही हिशेब खरं तर सौम्यच आहे, कारण शिट्ट्या, दुखापती, चेंडू रेषेबाहेर जाणं हे सगळं वजा केलं तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ निम्म्याच्या आसपास भरतो. म्हणजे जवळपास मिनिटाला एक. एखाद्या फ्लँकरने सामन्यात १५ टॅकल केले तर दुसऱ्या दिवशी त्याचं कौतुक छापून येतं.

फ्लँकर हा शब्द आला आहे तर तो उलगडू या, कारण ही जागा कळल्याशिवाय द्युसोत्वार कळत नाही. १५ जणांपैकी १ ते ८ नंबरचे ते फॉरवर्ड, धिप्पाड, झटापटीचं काम करणारे. ९ ते १५ ते बॅक, पळणारे. फॉरवर्ड जेव्हा एकमेकांना बिलगून समोरच्या आठांना डोकी भिडवून ढकलतात, त्या रचनेला स्क्रम म्हणतात. पुढे तिघे, त्यांच्या मागे दोघे, सगळ्यात मागे ८ नंबरवाला. आणि दोन्ही कडांना, एका हाताने कसंबसं धरून, मान वर करून चेंडूवर लक्ष ठेवून असलेले दोघे, ते ६ आणि ७ नंबर. हे फ्लँकर. स्क्रममधून चेंडू बाहेर पडला की सगळ्यात आधी सुटतात ते हेच. फॉरवर्डांचं अंग आणि बॅकचा वेग, दोन्ही थोडं थोडं लागतं. चेंडू जिथे जाईल तिथे पोचायचं, आणि आपल्याकडे चेंडू नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याला आडवं करायचं. इंग्रजी रग्बीत ७ नंबरवाला मैदानाच्या मोकळ्या बाजूला आणि ६ नंबरवाला अरुंद बाजूला अशी वाटणी असते. फ्रान्समध्ये ती इतकी काटेकोर नसते. कार्डिफच्या त्या रात्री द्युसोत्वारच्या पाठीवर ७ होता. पुढे कारकिर्दीत बहुतेक वेळा ६ दिसतो.

ही जागा म्हणजे घरातल्या त्या माणसासारखी, लग्नकार्यात ज्याचा एकही फोटो निघत नाही कारण तो सतत खुर्च्या हलवत असतो.

तो रग्बीत आला मात्र उशिरा. जन्म १८ नोव्हेंबर १९८१चा, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरातला. वडील फ्रेंच, आई आयव्हरी कोस्टची. साधारण दहा वर्षांचा असताना कुटुंब फ्रान्सच्या नैऋत्येला, पेरिग्यू भागात आलं. फ्रान्सचा हा कोपरा रग्बीवेडा. तिथली पोरं सातव्या-आठव्या वर्षी चेंडू काखोटीला मारून क्लबात जाऊ लागतात. हा गडी ज्युदो करत होता. रग्बी हातात घेतली ती सोळाव्या वर्षी, मित्रांच्या नादाने.

ज्युदो वाया गेला नाही असं मला त्याचे टॅकल पाहताना नेहमी वाटतं. समोरच्याचा तोल कुठे आहे हे ओळखायचं, आपलं वजन त्याच्या खाली न्यायचं, आणि पडायचं कसं हे माहीत असायचं. यातलं तिसरं सर्वात महत्त्वाचं. ३८ वेळा पाडणारा माणूस ३८ वेळा स्वतःही पडतो.

दुसरी गोष्ट त्याच्या शिक्षणाची. रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली १९९५मध्ये. त्याआधी मोठमोठे खेळाडूसुद्धा दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला जायचे. द्युसोत्वार व्यावसायिक काळातला, तरी त्याने बोर्दोमध्ये रसायन अभियांत्रिकीचं शिक्षण पूर्ण केलं. तिथल्याच क्लबकडून खेळत खेळत. मग तुलूझच्या वेशीवरच्या कोलोमिए या क्लबात एक हंगाम. तो हंगाम संपताना कोलोमिए पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं. एखाद्याची गाडी इथेच अडकली असती. पण २००४मध्ये त्याला बिआरित्झने घेतलं.

बिआरित्झ म्हणजे अटलांटिकच्या काठावरचं बास्क मुलखातलं पर्यटनाचं गाव, आणि त्या काळात फ्रेंच रग्बीतला दादा संघ. फ्रान्सच्या क्लब अजिंक्यपदाला ‘बुक्लिए द ब्रेनुस’ नावाची ढाल मिळते: लाकडी फळी, तिच्यावर पितळी पत्रा. बिआरित्झने ती २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. अडचण एकच. त्याच क्लबात सर्ज बेत्सें आणि इमानोल आरिनोर्दोकी हे देशाकडून खेळणारे दोघे याच फळीत उभे होते. त्यातला बेत्सें तर टॅकलसाठीच दरारा असलेला फ्लँकर. रांगेत उभं राहून शिकायला छान, पण किती दिवस? २००६मध्ये द्युसोत्वार तुलूझला गेला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला.

त्याच वर्षी जूनमध्ये रुमानियाविरुद्ध देशाकडून पहिला सामना झाला होता. तरी २००७च्या विश्वचषकासाठी बेर्नार लापोर्त या प्रशिक्षकाने जी यादी केली, तीत त्याचं नाव नव्हतं. एल्विस व्हर्म्युलेन जखमी झाला म्हणून त्याच्या जागी याला बोलावलं. म्हणजे ज्या सामन्याने त्याचं नाव झालं, त्या स्पर्धेला तो मुळात जाणारच नव्हता.

आणि कार्डिफमध्ये तो सामना का होता, हीसुद्धा मजेशीर गोष्ट आहे. २००७चा विश्वचषक भरवला होता फ्रान्सने. पण उद्घाटनाच्या सामन्यात, आपल्याच देशात, अर्जेंटिनाकडून १७-१२ असा मार खाल्ला. गटात दुसरे आले. काही सामने वेल्समध्ये ठेवले होते, त्यामुळे यजमान असूनही उपांत्यपूर्व सामन्यासाठी पाहुण्यासारखं समुद्रापलीकडे जावं लागलं. समोर न्यूझीलंड, स्पर्धा जिंकणार असं सगळे ज्याच्याबद्दल धरून चालले होते तो संघ. त्या दिवशी ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडच्या संघाचं हे टोपणनाव) काळ्या नव्हे तर करड्या जर्सीत उतरले. फ्रान्सची गडद निळी आणि यांची काळी एकमेकींत मिसळली असती म्हणून. सामन्याआधी न्यूझीलंडचे खेळाडू हाका करतात: मांड्यांवर थापा मारत, डोळे वटारत केलेलं माओरी आवाहन. फ्रेंच संघ निळ्या, पांढऱ्या, लाल बनियनांत झेंडा होऊन हाकाच्या पार नाकासमोर जाऊन उभा राहिला.

सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच बेत्सें डोक्याला मार लागून बाहेर गेला. ज्याच्या सावलीत द्युसोत्वार दोन वर्षं होता, तोच. न्यूझीलंड १३-० पुढे. मध्यंतराला १३-३. चेंडू बहुतेक वेळ न्यूझीलंडकडेच; फ्रान्सने करायचं काय, तर पाडत राहायचं. इथून पुढे ३८चा अर्थ लागतो. ज्या संघाकडे चेंडू नाही त्याच्याच खेळाडूंना टॅकल करावे लागतात. त्यामुळे हा आकडा जितका पराक्रमाचा, तितकाच फ्रान्स किती दाबला गेला होता याचाही आहे.

उत्तरार्धात न्यूझीलंडच्या ल्यूक मॅकॅलिस्टरला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. फ्रान्सला एक माणूस जास्त. त्या दहा मिनिटांत गोलरेषेजवळ झालेल्या हल्ल्यात चेंडू द्युसोत्वारच्या हाती आला आणि त्याने ट्राय केला. इतका वेळ पाडापाडी करत असलेला माणूस नेमका तिथेही हजर. त्याआधीची एक पेनल्टी आणि ट्रायवरचे दोन गुण धरून १३-१३. मग न्यूझीलंडच्या रॉडनी सोइआलोचा ट्राय, १८-१३. आणि अखेरची दहा-बारा मिनिटं उरली असताना फ्रेदेरिक मिशालाक सुसाट सुटला, त्याने यानिक जोझियोंला चेंडू दिला, ट्राय, त्यावर दोन गुण: फ्रान्स २०, न्यूझीलंड १८. मिशालाककडे आलेला पास पुढच्या दिशेने होता, म्हणजे बेकायदा होता, हे नंतर चित्रफितीत दिसलं. पंच वेन बार्न्स यांना ते दिसलं नाही. न्यूझीलंडमध्ये या पासाबद्दल अजूनही कडू बोललं जातं, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

पण त्यानंतरची मिनिटं पाहा, पास विसरून. न्यूझीलंड चेंडू हातातून सोडत नाही. धडक, पडणं, मागून चेंडू, पुन्हा धडक. प्रत्येक धडकेला निळे दोघे-तिघे आडवे होतात आणि उठून पुन्हा ओळीत उभे राहतात. पडलेल्याला उठायला दोन सेकंद उशीर झाला की ओळीत फट पडते, आणि न्यूझीलंडला फटच हवी असते. तेव्हा ३८ पैकी पाडणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग उठण्याचा, आणि तो कोणी मोजत नाही. न्यूझीलंडचा हुकमी किकर डॅन कार्टर जखमी होऊन बाहेर गेला होता. शेवटी मॅकॅलिस्टरने लांबून ड्रॉप गोल मारून पाहिला, तो हुकला. संपलं.

या विजयानंतर फ्रान्सने विश्वचषक जिंकला असता तर गोष्ट छान गोल झाली असती. पुढच्याच फेरीत इंग्लंडने १४-९ हरवलं, आणि तिसऱ्या जागेच्या लढतीत अर्जेंटिनाने पुन्हा एकदा, ३४-१०. फ्रेंच रग्बीचं हे जुनंच आहे. डोंगर चढून जातात आणि पायरीवर ठेच लागून पडतात.

कप्तानी त्याच्याकडे आली २००९च्या उन्हाळ्यात, न्यूझीलंडच्या दौऱ्यावर. १३ जूनला डुनेडिनमध्ये फ्रान्सने ऑल ब्लॅक्सना २७-२२ हरवलं. न्यूझीलंडच्या भूमीवर १९९४नंतरचा पहिलाच विजय. आठवड्याने वेलिंग्टनमध्ये १४-१० हरले. दोन सामन्यांची बेरीज ३७-३६. त्या एका गुणावर मालिकेचा चषकही फ्रान्सकडे.

रग्बीत कप्तान म्हणजे काय, हे क्रिकेटवरून ओळखायला गेलात तर फसाल. गोलंदाज बदलणं, क्षेत्ररचना असलं काही नाही. कप्तानाची दोन ठोस कामं. एक, पंचाशी बोलायचा अधिकार फक्त त्याला. बाकीच्यांनी तोंड उघडलं तर शिक्षा होऊ शकते, आणि ती पाळलीही जाते; फुटबॉल पाहणाऱ्यांना हे अजब वाटतं. दोन, पेनल्टी मिळाली की ठरवायचं: तीन गुणांसाठी खांबांकडे मारायची, की चेंडू रेषेबाहेर काढून पुढे सरकून ट्रायसाठी जायचं. श्वास लागलेला, कानशिलातून रक्त येतंय, आणि काही सेकंदांत हा हिशेब करायचा. द्युसोत्वार अबोल म्हणूनच प्रसिद्ध होता. ड्रेसिंग रूममध्ये मुठी आपटून भाषणं देणाऱ्यांतला नव्हे. आधी स्वतः जाऊन एकाला आडवं करायचं, बाकीचे मागून येतात, ही त्याची पद्धत.

२०१० हे त्याचं सर्वांत भरगच्च वर्ष. युरोपात दरवर्षी इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि इटली यांची सहा देशांची स्पर्धा होते. त्यात पाचच्या पाच सामने जिंकले तर त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. फ्रान्सने ते केलं, शेवटच्या सामन्यात पॅरिसजवळ इंग्लंडला १२-१० हरवून. दोनच महिन्यांनी तुलूझने युरोपातला क्लबांचा चषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोण, तर बिआरित्झ, त्याचं जुनं घर. निकाल २१-१९. देशातली ढाल तुलूझबरोबर त्याने २००८, २०११ आणि २०१२ अशी तीनदा घेतली. बिआरित्झच्या दोन धरून पाच.

आणि मग २०१०च्याच नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रान्सला फ्रान्समध्येच ५९-१६ असं धुतलं. पुढच्या मार्चमध्ये रोममध्ये इटलीकडून २२-२१ हार. मी म्हटलं ना, पायरीवर ठेच.

आता २०११चा विश्वचषक. न्यूझीलंडमध्ये. गटात फ्रान्स दोन सामने हरला: न्यूझीलंडकडून ३७-१७, आणि टोंगाकडून १९-१४. प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या टोंगाकडून. तरी पुढे गेला. कसा? इथे गुणतक्ता समजून घ्यावा लागतो. विजयाला ४ गुण. चार किंवा जास्त ट्राय केले तर १ बोनस. सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी १ बोनस. फ्रान्सला जपान आणि कॅनडाला हरवून बोनससकट ५ अधिक ५ मिळाले. टोंगाकडून हार पाच गुणांची, म्हणून तिथेही १. एकूण ११. टोंगाने फ्रान्स आणि जपानला हरवून ८ मिळवले, कॅनडाकडून थोडक्यात हरल्याचा १. एकूण ९. ज्याने हरवलं तो घरी, जो हरला तो उपांत्यपूर्व फेरीत. नियम नियम असतात.

एव्हाना प्रशिक्षक मार्क लिएव्रमाँ आणि खेळाडू यांच्यात उघड बिनसलं होतं. पुढे उपांत्य सामन्यानंतर तर प्रशिक्षक पत्रकारांसमोर आपल्याच खेळाडूंना वांड पोरं म्हणून मोकळे झाले. या दोघांच्या मधे उभा कप्तान. बाहेर एक शब्द न बोलता.

उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडला १९-१२. उपांत्य फेरीत वेल्स: अठराव्या मिनिटाला वेल्सचा कप्तान सॅम वॉरबर्टन याला लाल कार्ड मिळालं, उरलेला तासभर वेल्स १४ जणांनी खेळला, आणि तरीही फ्रान्स जेमतेम ९-८ जिंकला. देखणं त्यात काहीच नव्हतं. मायदेशीसुद्धा टीका झाली.

२३ ऑक्टोबर, ऑकलंडचं ईडन पार्क, अंतिम सामना. हाका सुरू झाली तेव्हा पांढऱ्या जर्सीतले फ्रेंच खेळाडू हातात हात गुंफून बाणाच्या आकारात उभे राहिले. बाणाच्या टोकाला द्युसोत्वार. आणि हा बाण हळूहळू पुढे चालू लागला. मध्यरेषेच्या पलीकडे. नियमाप्रमाणे तिथे जायचं नसतं. नंतर आंतरराष्ट्रीय मंडळाने फ्रान्सला अडीच हजार पौंडांचा दंड केला. माझ्या मते रग्बीच्या इतिहासात इतका वसूल झालेला दंड दुसरा नसेल.

टोनी वुडकॉकच्या ट्रायने न्यूझीलंड ५-०. उत्तरार्धाच्या सुरुवातीला स्टीफन डोनाल्डची पेनल्टी, ८-०. लगेच पुढच्या हल्ल्यात, खांबांच्या अगदी जवळ, ट्राय केला द्युसोत्वारनेच. जवळ हे महत्त्वाचं आहे: ट्रायनंतरचे दोन गुण मारायचे ते चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन. कोपऱ्यात टेकवला तर कोन अवघड, खांबांजवळ टेकवला तर पोरखेळ. फ्रान्स्वा त्रिन-दुकने ते दोन गुण घेतले. ८-७. उरले अर्धा तास आणि एक गुण.

तो एक गुण मिळाला नाही. अर्धा तास फ्रान्स न्यूझीलंडला त्यांच्याच मैदानात ढकलत राहिला आणि धावफलक हलला नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इतके कमी गुण कधी झाले नव्हते. सामनावीर ठरला हरलेल्या संघाचा कप्तान. दुसऱ्या दिवशी जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचंच नाव जाहीर झालं. फ्रान्समधून हा मान मिळालेला २००२च्या फाबियँ गाल्तिएनंतरचा दुसराच. समोरचा कप्तान रिची मॅकॉ, हाही फ्लँकरच, चषक घेऊन गेला होता. ज्याला जे मिळालं ते त्याने दुसऱ्याशी बदलून घेतलं असतं का, हे विचारायची गरज नाही.

पुढची चार वर्षं शरीराने वसूल केली. २०१३च्या सुरुवातीला गुडघा गेला, २०१४च्या सुरुवातीला दंडाचा स्नायू फाटला. दोन्ही वेळा सहा देशांची स्पर्धा हुकली. २०१३मध्ये तर त्याच्याविना फ्रान्स शेवटचा आला. टॅकलचं काम खांद्यावर, मानेवर, गुडघ्यावर साठत जातं.

२०१५च्या विश्वचषकाला तो पुन्हा कप्तान म्हणून गेला, वयाच्या ३३व्या वर्षी. आयर्लंडकडून हार झाली, त्यामुळे गटात दुसरे, त्यामुळे उपांत्यपूर्व सामना न्यूझीलंडशी. ठिकाण कार्डिफ. तेच मैदान. आठ वर्षांपूर्वीची आठवण वर्तमानपत्रांनी आठवडाभर उगाळली.

१७ ऑक्टोबर २०१५. न्यूझीलंड ६२, फ्रान्स १३. नऊ ट्राय. या वेळी ऑल ब्लॅक्स काळ्याच जर्सीत होते, कार्टर सामना संपेपर्यंत मैदानात होता, आणि एकेक माणूस आडवा करून ही लाट थांबण्यातली नव्हती. हा द्युसोत्वारचा देशासाठीचा ८०वा सामना आणि शेवटचा. तुलूझकडून तो आणखी दोन हंगाम खेळला. २०१७मध्ये थांबला तेव्हा तुलूझ तक्त्यात बारावं होतं.